शीग का ढासळते: दाणे, फेस आणि वाळूचं भौतिकशास्त्र घरच्या घरी शिकायला घेताना

किराणा भरताना आपण सगळेच एक गोष्ट करतो. रवा डब्याच्या काठापर्यंत येतो, पिशवीत अजून दोन मुठी उरलेल्या असतात. मग डबा ओट्यावर चारदा आपटायचा, की रवा खाली बसतो आणि उरलेलाही मावतो. रवा तोच आणि डबाही तोच. बदलली ती फक्त दाण्यांची एकमेकांत बसायची रीत.

मिठाच्या खड्यात अणू कवायतीला उभे असल्यासारखे ओळीत असतात. वाळू, धान्य, साबणाचा फेस, चक्का, चिखल, काच यांच्या आत अशी ओळ नसते. म्हणून त्यांना अव्यवस्थित पदार्थ म्हणतात. ते कधी वाहतात, कधी तग धरतात आणि मोडायची वेळ आली की कसे मोडतात, हे शोधणारं भौतिकशास्त्र गेल्या तीस-चाळीस वर्षांत फार वाढलं आहे. त्याची सुरुवात मात्र स्वयंपाकघरात करता येते, आणि माझ्या मते तिथेच करावी.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण नवशिके इथेच हार मानतात. तुम्ही एकच प्रयोग दोनदा कराल आणि दोन वेगळे आकडे येतील. तेव्हा आपलं चुकलं असं समजू नका. हे पदार्थ कशाचे बनलेत याइतकंच ते कसे भरले, किती उंचावरून ओतले, मध्ये हलले का, यावर त्यांचं वागणं ठरतं. पदार्थ आपला भूतकाळ अंगावर बाळगतो, आणि तो नोंदवला नाही तर आकड्याला अर्थ उरत नाही.

तयारी

मोठी मोहरी (दाणा साधारण २ मिमी), लांब दाण्याचा बासमती आणि आखूड दाण्याचा एखादा तांदूळ, चाळलेली कोरडी वाळू, ४-५ मिमीचे काचेचे मणी, टोमॅटो सॉस, भांड्यांचा साबण. शिवाय स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, मोजपात्र, साधारण ५ सेंटिमीटर व्यासाची प्लास्टिकची नळी आणि मोबाइलचा कॅमेरा. वहीत चार रकाने आखा: तारीख, पदार्थ, कसा भरला, आकडा. तिसरा रकाना सगळ्यांत रुंद ठेवा.

पायरी १: किती जागा रिकामी आहे ते मोजा

अर्धा लिटर मावणारं सरळ बाजूंचं भांडं घ्या. त्यात मणी हलक्या हाताने, न हलवता ओता आणि वर पट्टी फिरवून सपाट करा. आता मोजपात्राने पाणी ओतत जा, मण्यांच्या वरच्या पातळीपर्यंत. समजा २०० मिलिलिटर पाणी मावलं, तर ५०० पैकी ३०० मिलिलिटर मण्यांनी व्यापले आहेत. म्हणजे भरण ६० टक्के.

मणी पुसून वाळवा, पुन्हा भरा. या वेळी भांडं दोनशेदा टेबलावर हळू आपटा आणि दर दहा ठोक्यांनंतर पातळी लिहा. पहिल्या काही ठोक्यांत ती भराभर उतरेल, मग अगदी रेंगाळत. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५ मध्ये काचेच्या मण्यांवर हाच प्रयोग हजारो ठोके देऊन केला. भरण ठोक्यांच्या संख्येच्या लॉगरिदमच्या रेंगाळत्या चालीने वाढतं, म्हणजे प्रत्येक पुढच्या थोड्याशा वाढीला आधीपेक्षा कितीतरी पट ठोके लागतात, असं त्यांना दिसलं. कारण समजायला सोपं आहे. जागा जितकी कमी, तितकं एका दाण्याला हलायला जास्त शेजाऱ्यांनी एकदम सरकावं लागतं. गच्च लोकलमध्ये दारापाशी सरकताना जे होतं तेच.

सारखे गोल मणी कितीही ठोकले तरी भरण साधारण ६४ टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही. फळवाला संत्री रचतो तशी नीट रचलीत तर ७४ टक्के मिळतात. त्याहून दाट रचना नाही, असा अंदाज केप्लर यांनी १६११ मध्ये मांडला होता आणि टॉमस हेल्स यांनी त्याची सिद्धता १९९८ मध्ये दिली. या दोन आकड्यांमधले दहा टक्के म्हणजे अव्यवस्थेची किंमत. तुमचा आकडा थोडा कमी आला तर बहुतेक दोष भांड्याच्या भिंतीचा असतो, कारण भिंतीलगत मणी नीट बसत नाहीत. रुंद भांडं घेऊन पाहा.

पायरी २: शीग

पायली-मापट्याने धान्य मोजायचे तेव्हा सपाट माप वेगळं आणि शिगेचं माप वेगळं असे. मापाच्या काठावर उभा राहणारा तो निमुळता ढीग म्हणजे शीग. शीग हवी तेवढी उंच करता येत नाही, हे मोजणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असे. एका उतारापुढे दाणे ओघळतातच. इंग्रजी पुस्तकांत या उताराला अँगल ऑफ रिपोझ म्हणतात, आपण शिगेचा कोन म्हणू.

ताटात उपडी वाटी ठेवा आणि तिच्या बुडावर फनेलमधून दाणे अगदी सावकाश सोडा. कॅमेरा ढिगाच्या पायाच्या उंचीवर, समोरून धरा. फोटोवर ढिगाची उंची आणि पायाची निम्मी रुंदी मोजून भागाकार केला की कोनाचा टॅन्जंट मिळतो. ओघळ सुरू होण्याआधीचा कोन आणि ओघळ थांबल्यानंतरचा कोन असे दोन आकडे लिहा. पहिला दुसऱ्यापेक्षा एक-दोन अंशांनी मोठा येतो. हा फरक क्षुल्लक समजू नका. त्या दोन कोनांच्या मधल्या उतारावर ढीग उभाही असू शकतो आणि वाहतही असू शकतो. तो कुठल्या अवस्थेत आहे ते आधी काय घडलं यावर ठरतं.

कोरड्या वाळूचा कोन साधारण ३० ते ३५ अंश असतो. गुळगुळीत गोल मोहरीचा त्याहून कमी भरेल. ढीग लहान असो वा मोठा, कोन जवळपास तोच, कारण खाली ओढणारं वजन आणि घसरण अडवणारं घर्षण दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. मातीचा भार पेलणाऱ्या भिंती किती जाड हव्यात, याचं गणित शार्ल कूलॉम यांनी याच घर्षणावर उभं केलं. तो निबंध त्यांनी १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला. त्याआधी ते मार्टिनिक बेटावर किल्ला बांधत होते.

आता वाळूत चमचा-चमचा पाणी मिसळा. ती उभी भिंत धरते! दोन कणांमध्ये अडकलेला पाण्याचा इवलासा पूल त्यांना एकमेकांकडे ओढतो. पाणी वाढवत गेलात की सगळ्या फटी भरतात, पूलच उरत नाहीत आणि भिंत बसते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, त्या स्थितीत मातीला हाच अर्धवट ओलावा असतो. ती मुठीत धरली की गोळा होते आणि दाबली की फुटते.

पायरी ३: उभी नळी आणि कणगीचं गुपित

मला स्वतःला सगळ्यांत आवडतो तो हा प्रयोग. थोडा खटाटोप आहे, पण टाळू नका.

नळीच्या आत जेमतेम, न घासता मावेल अशी गोल चकती कापा. काट्यावर एक उपडी वाटी, तिच्यावर चकती. नळी एखाद्या स्टँडला किंवा खुर्चीच्या पाठीला घट्ट बांधून अशी टांगा, की चकती तिच्या तोंडात थोडी शिरेल पण नळी काट्याला किंवा वाटीला कुठेही टेकणार नाही. काटा शून्यावर आणा. आता पन्नास-पन्नास ग्रॅम तांदूळ ओतत जा आणि दर वेळी काट्याचा आकडा लिहा.

सुरुवातीला ५० ओतले की जवळपास तेवढेच दिसतात. मग आकडा मागे पडू लागतो. पाऊणएक किलो ओतून होईस्तोवर काटा शे-दोनशे ग्रॅमच्या टप्प्यात कुठेतरी अडकलेला असेल. उरलेलं वजन नळीच्या भिंतींनी घर्षणाने उचलून धरलं आहे. दाणे एकमेकांना नुसते खाली दाबत नाहीत, आडवेही रेटतात. तो रेटा भिंतीवर गेला की भिंत घर्षणाने वर ओढते. पाण्याचं असं होत नाही. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतच जातो. ब्रेमेनचे अभियंते यान्सन यांनी १८९५ मध्ये धान्याच्या कोठ्यांसाठी हे मोजलं आणि साधं सूत्र दिलं, जे आजही वापरात आहे. काटा अडकल्यावर नळीला टिचकी मारा आणि आकडा बदलतो का पाहा. बदलला तर तिसऱ्या रकान्यात 'टिचकी' लिहा.

यातूनच पुढचा प्रयोग सुचतो. प्लास्टिकच्या तीन सारख्या डब्यांच्या बुडाला मधोमध ६, १२ आणि २४ मिमीची भोकं पाडा. मोहरी भरून सोडा आणि दर सेकंदाला किती ग्रॅम पडते ते मोजा. डबा भरलेला असो की निम्मा रिकामा, धार सारखीच राहते, कारण तळाशी पोचणारा दाब उंचीवर ठरतच नाही. वाळूचं घड्याळ चालतं ते यामुळे. भोक दुप्पट केलं तर धार किती वाढेल? क्षेत्रफळ पाहणारा चौपट म्हणेल. बेव्हरलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये दिलेला नियम असा: व्यासातून आधी सुमारे १.४ दाण्यांची जाडी वजा करा, मग त्याचा अडीचावा घात घ्या. आपल्या आकड्यांत १२ चे ९.२ उरतात आणि २४ चे २१.२, म्हणजे धार जवळपास आठपट. मोजून खात्री करा.

६ मिमीचं भोक मात्र वारंवार तुंबेल. चार-पाच दाणे हातात हात घालून कमान धरतात आणि वरचं सगळं थांबतं. रांगोळी घालताना चिमट जरा आवळली की धार तुटते, तेही हेच. भोक दाण्याच्या पाचपटीहून लहान असलं की ही भीती धरायचीच.

इथे एक इशारा कळकळीने देतो. मोठ्या कोठीत धान्य तुंबलं म्हणून आत उतरून ते काठीने मोकळं करायला कुणी जाऊ नये. पायाखाली पोकळीवर तोललेली कमान असू शकते. ती मोडली की माणूस क्षणात कमरेपर्यंत रुततो आणि दाण्यांचं घर्षण त्याला वर येऊ देत नाही. यात जीव जातात.

पायरी ४: दाबल्यावर फुगणारी वाळू

भरतीची ओली, घट्ट वाळू पायाखाली क्षणभर कोरडी दिसते, हे किनाऱ्यावर चाललेल्या प्रत्येकाने पाहिलंय. पायाच्या वजनाने पाणी पिळून वर यायला हवं, इथे तर ते आत पळतं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये याचं कारण सांगितलं. गच्च बसलेले दाणे एकमेकांच्या खाचांत असतात. त्यांना सरकायचं तर आधी शेजाऱ्याच्या खांद्यावर चढावं लागतं, म्हणजे सगळा ढीग फुगतो. मधल्या फटी वाढतात आणि पाणी तिकडे ओढलं जातं.

घरी पाहायचं तर सॉसची मऊ बाटली घ्या. ओली वाळू ठोकून ठोकून गच्च भरा, वर पाणी घाला, बुचातून पारदर्शक स्ट्रॉ घालून फट कणकेने बंद करा. बाटली दाबा. स्ट्रॉमधलं पाणी खाली जाईल. मग तीच वाळू मोकळी, भुसभुशीत भरून पुन्हा दाबा. आता पाणी चढतं. वाळू तीच, पण भरायची रीत उलटी केली तशी वागणूकही उलटली. गच्च आणि भुसभुशीत यांच्यातला हा फरक सातव्या पायरीत माणसांच्या जिवाशी येतो, म्हणून हा प्रयोग दोन्ही तऱ्हांनी कराच.

पायरी ५: किती जोर लावला की वाहतं

सॉस बाटलीत ढिम्म बसतो आणि एकदा सुटला की सगळ्या पोळीवर. अशा पदार्थाला ठरावीक ताणापर्यंत घनासारखं राहायचं असतं, त्यापुढे तो द्रवासारखा वाहतो. त्या उंबरठ्याला यील्ड स्ट्रेस म्हणतात. तो मोजायला यंत्र लागत नाही. फळीवर पॉलिश पेपर चिकटवा, नाहीतर सॉस तळाशीच घसरेल आणि तुम्ही भलतंच मोजाल. वर ५ मिमी जाडीचा सॉसचा थर द्या आणि फळी हळूहळू तिरपी करा. थर वाहू लागला तो कोन लिहा. घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले जाडी गुणिले कोनाचा साइन, झालं. ३० अंशांवर वाहिला तर १००० × ९.८ × ०.००५ × ०.५, म्हणजे सुमारे २५ पास्कल. टूथपेस्टचा तेवढाच थर फळी उभी धरली तरी हलत नाही.

सॉस आधी ढवळून लगेच मोजा, मग अर्धा तास न हलवता ठेवून मोजा. विसाव्याने उंबरठा वाढलेला दिसेल. फेटलेल्या चक्क्यावरही करून पाहा. या शास्त्राला रिऑलॉजी हे नाव १९२० मध्ये यूजीन बिंगहॅम यांनी दिलं.

पायरी ६: बुडबुड्यांत डोकावून पाहा

आतापर्यंत आत काय चाललंय ते दिसलं नाही. बुडबुडे ते दाखवतात. ताटात साबणाचं पाणी घ्या आणि माशांच्या टाकीच्या छोट्या पंपाच्या नळीला बोथट केलेली सुई लावून पाण्याखाली हवा सोडा. सारख्या आकाराचे बुडबुडे पृष्ठभागावर षटकोनी ओळीत लागतील. ब्रॅग आणि नाय यांनी १९४७ मध्ये केंब्रिजला धातूंच्या स्फटिकांचं चित्र म्हणून हेच वापरलं. आता सुई बदलून दोन आकारांचे बुडबुडे मिसळा. ओळी नाहीशा होतात. हा तुमचा अव्यवस्थित पदार्थ.

दोन पट्ट्या बुडबुड्यांच्या या तरंगत्या थराला, म्हणजे तराफ्याला, दोन बाजूंनी टेकवून विरुद्ध दिशांना सावकाश सरकवा आणि व्हिडिओ काढून मंद गतीने पाहा. आधी सगळा तराफा ताणल्यासारखा वाकतो. मग अचानक एका जागी चार-पाच बुडबुडे शेजारी बदलतात आणि बाकीचे जवळपास तिथेच राहतात. थोड्या वेळाने दुसरीकडे तेच. पहिल्या उलथापालथीने सोडलेला ताण आसपासच्यांवर पडतो आणि कधीकधी एकामागून एक जागा सुटत जातात. सुटलेल्या जागा एका पट्ट्यात रांगेने आल्या की पदार्थ तिथेच चिरतो. अली आर्गन यांनी १९७९ मध्ये काचेसारख्या, म्हणजे अणू ओळीत नसलेल्या, धातूंचं वाकणं याच लहान उलथापालथींवर समजावलं. १९६० मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत सोनं आणि सिलिकॉनचा वितळलेला मिश्रधातू झटकन थंड करून असा पहिला धातू बनवला गेला होता. दहा अणूंच्या घोळक्यापासून डोंगराच्या उतारापर्यंत गोष्ट एवढी सारखी असावी, याचं मला आजही नवल वाटतं.

पायरी ७: पाणी भरलेली वाळू

बादलीत निम्मं पाणी घ्या आणि त्यात वाळू वरून भुरभुरत सोडा, म्हणजे ती सैल बसेल. वरचं पाणी वाळूच्या पातळीपर्यंत काढा. वीट अलगद उभी ठेवा. ती उभी राहील. आता बादलीला बाजूने ठोका. वीट कलते, मग बुडते.

सैल दाणे हादऱ्याने जवळ यायला पाहतात. फटींतल्या पाण्याला तेवढ्या वेळात बाहेर पडता येत नाही, म्हणून वरचा भार दाण्यांऐवजी पाणी पेलू लागतं. दाणे एकमेकांवर दाबलेले नसले की घर्षण नाही, आणि घर्षण नाही तर वाळू द्रव. एकूण भारातून पाण्याचा दाब वजा केल्यावर दाण्यांच्या वाट्याला जे उरतं तेच जमिनीची ताकद ठरवतं, हे कार्ल टर्झागी यांनी १९२० च्या दशकात मांडलं. १६ जून १९६४ च्या भूकंपात जपानमधल्या निगाता शहरात राहत्या इमारती अशाच कलल्या. काही जवळपास आडव्या झाल्या, भिंती मात्र शाबूत. वीट गच्च ठोकलेल्या वाळूवर ठेवून पुन्हा ठोकून पाहा, फरक कळेल.

आपल्याकडे हाच हिशेब हादऱ्याऐवजी पावसाने घडतो. दिवसेंदिवस मुरलेलं पाणी उतारावरच्या मातीचं वजन वाढवतं, ओलाव्याचे पूल मोडतं आणि फटींतला दाब चढवतं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण असंच मुसळधार पावसात गाडलं गेलं, सुमारे दीडशे माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. प्रत्येक उताराची माती, खडक आणि कहाणी वेगळी असते, पण डोंगर बोलतो ती भाषा ओळखीची आहे. उतारावर नव्या भेगा, कललेली झाडं आणि विजेचे खांब, दारं-खिडक्या अचानक अडकणं, झऱ्याचं स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणं. यातलं काही दिसलं तर मोजमाप नाही, आधी घर सोडायचं आणि प्रशासनाला कळवायचं.

पायरी ८: चिंचोके आणि बुद्धिबळाचा पट

आता थोडा सिद्धान्त, समीकरणांशिवाय. ८ × ८ च्या पटावर कुठेही एकेक चिंचोका ठेवत जा. एखाद्या घरात चार झाले की ते घर ढासळलं. त्यातले चारही उचलून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एकेक द्या. कडेचे पटाबाहेर पडतात. कुठे पुन्हा चार झाले तर तेही ढासळवा, सगळं शांत होईपर्यंत. मगच पुढचा चिंचोका. दर वेळी किती घरं ढासळली ते लिहा. बहुतेक वेळा शून्य किंवा एक-दोन, आणि मधूनच एका चिंचोक्याने निम्मा पट हलतो. बाक, टांग आणि वीसेनफेल्ड यांनी १९८७ मध्ये मांडलेलं हे प्रतिमान.

एकाच वेळी दोन घरं ढासळायला आली तर आधी कुठलं घ्यायचं? पटाचा फोटो काढून ठेवा आणि दोन्ही क्रमांनी करून पाहा. शेवटचं चित्र तेच येतं. १९९० मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक धर यांनी हे सिद्ध केलं आणि त्याच्या आधाराने प्रतिमान कागदावर अचूक सोडवून दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना सांख्यिकीय भौतिकशास्त्रातलं बोल्ट्झमन पदक मिळालं, ते मिळवणारे ते पहिले भारतीय.

पहिल्या सात पायऱ्यांत क्रम आणि भूतकाळ यांनीच सगळं ठरवलं आणि इथे ढासळण्याचा क्रम विसरला तरी चालतो. मग खरी शीग या पटासारखी वागते का? ओस्लोच्या संशोधकांनी १९९६ मध्ये तांदळाचे दाणे दोन काचांमधल्या अरुंद फटीत सोडून पाहिलं. लांब दाण्याचा तांदूळ बराचसा पटासारखा वागला, लहान-मोठ्या सगळ्या आकारांचे ओघळ आले. गोलसर दाण्याचा तसा वागला नाही.

पुढे संगणकावर जायचं असेल तर लॅम्प्स हे मोफत सॉफ्टवेअर दाण्यांचे ढीग चालवतं आणि ओव्हिटो या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते पाहता येतात. पण त्याआधी दोन काचा, बासमती आणि तो आखूड तांदूळ घेऊन बसा. दाणे एकेक सोडा, प्रत्येक ओघळीत किती घसरले ते मोजा. दोनशे दाणे सोडायला एक दुपार पुरते.